बटण मी दाबलं, मान्य!

...मान्य आहे ना मला, बटण मी दाबलं! शंभर वेळा मान्य! पण तुम्हीच सांगा, माणूस मदत करायला गेला, सकाळी अकरा वाजता जिन्यात उभा राहिला, एका हातात फोन, दुसऱ्या हातात चष्मा, कारण चष्मा लावला की फोन दिसत नाही आणि काढला की जिना दिसत नाही, अशा परिस्थितीत त्यानं एक बटण दाबलं, तर अख्ख्या बिल्डिंगनं त्याच्याकडे असं बघायचं? काल गेटवर खंडू वॉचमन मला विचारतो, "काका, ते कॉलेजवाले तुम्हीच का?" आता काय सांगू त्याला? होय बाबा, मीच तो. समोरच्या चेतनाचा विषय ज्यानं घालवला, तो तिसऱ्या मजल्यावरचा लवू. आणि केलं काय मी? दरोडा घातला? बटण दाबलं!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

आम्ही नाहूरला राहतो, मी आणि आमची सुगंधा. मूळचे कणकवलीकडचे. समोरच्या दारात अंबादास. वाशीमकडचा माणूस, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, दिवसभर लोकांचं रक्त तपासतो आणि घरी आला की आवाज चढवायचं नाव नाही. त्याची बायको शाळेत शिकवते, आई सोनूबाई घरात, मोठा मुलगा प्रबुद्ध अंधेरीला कॉम्प्युटरवाल्या कंपनीत, आणि धाकटी ही चेतना. मुलुंडच्या कॉलेजात, बी.कॉम.चं दुसरं वर्ष. आता एकोणीस वर्षांच्या पोरीला वेड कशाचं असावं? कपड्यांचं असावं, सिनेमाचं असावं, एखाद्या मुलाचं असलं तरी आम्ही समजून घेऊ... हिला वेड कोळ्यांचं! जाळी विणतात ते हो, आठ पायांचे!

तुम्हाला सांगतो, आमच्या पॅसेजमध्ये विजेच्या मीटरची पेटी आहे, तिच्यावर एक कोळी राहतो. जाळंबिळं करत नाही, नुसत्या उड्या मारतो. चेतनानं त्याचं नाव ठेवलंय बंड्या. सोसायटीनं पॅसेज रंगवायला काढला, तर या पोरीनं पेटीवर चिठ्ठी चिकटवली, "येथे रंग लावू नये. आत बंड्या आहे." रंगारी बिचारा अर्धा तास पेटीला कान लावून उभा! शेवटी माझी बेल वाजवून म्हणतो, "चाचा, अंदर कोई आदमी है क्या?" आणि महिन्याभरात या बंड्यानं काय करावं? अंडी घातली! मी म्हटलं, गे बाय, हा कसला बंड्या, ही तर बंडी! तर म्हणते कशी, "काका, नाव बदलायचं म्हणजे गॅझेट, अ‍ॅफिडेव्हिट, किती लफडी. राहू दे ना यार."

काकाला यार! पण बोलते गोड.

घरात सोनूबाई दोन वर्षं झाडू घेऊन हिच्या मागे. "लोकं घरातले जाळे काढतेत, अन् हे पोरगी जाळे मोजू राह्यली! पाव्हणे आले तं काय म्हनतीन?" आणि ही खुर्चीवर चढून, फोनला कसलंसं भिंग लावून, "आजी, एक मिनिट! आजी, ती विणतेय! आजी, झाडू खाली!" एकदा मी विचारलं, अगं एवढं वेड आहे तर सायन्सला का नाही गेलीस? तर म्हणाली, "दादाची कॉमर्सची पुस्तकं घरात होती ना काका." घ्या! पुस्तकं घरात होती म्हणून पोरगी कॉमर्स शिकते आणि वहीच्या मागच्या पानांवर आठ-आठ पाय काढत बसते. वाईट वाटायचं हो मला. तिनं कधी तक्रार केली नाही, म्हणून जास्त वाटायचं.

तर यंदा नवीन सेमिस्टर सुरू झालं. आता कॉलेजात आमच्या वेळेसारखं नाही राहिलं, की सांगितलं तेवढं शिका आणि घरी जा. आता प्रत्येकानं एक विषय बाहेरचा घ्यायचा. सायन्सवाल्यानं नाटक शिकायचं, आर्ट्सवाल्यानं शेअर बाजार शिकायचा, सगळ्यांनी सगळं थोडं थोडं चाखायचं, ओपन इलेक्टिव्ह म्हणतात त्याला. कॉलेजची यादी आली, बारा विषय. चेतना वाचत वाचत नवव्या नंबरावर आली आणि तिथून जी धावत सुटली ती थेट आमच्या स्वयंपाकघरात! "काका! काकू! कोळी! कोळी!" सुगंधानं लाटणं उचललं, तिला वाटलं घरात काही शिरलं. तर नाही... विषय नववा, "आपल्या परिसरातील कीटक आणि कोळी". शिकवणार प्राणिशास्त्राच्या नीलम मॅडम, दर शनिवारी सकाळी पोरांना नॅशनल पार्कात नेणार, झाडाखाली चादर धरायची, फांदी हलवायची, पडेल ते बघायचं. भिंग कॉलेजचं! "काका, परीक्षेत कोळी येणार! मार्क मिळणार त्याचे, मार्क!" असं म्हणत ती आमच्या ओट्याला धरून उड्या मारत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्या पोरीच्या वेडाला कोणीतरी विषय म्हटलं होतं. माझे डोळे भरले. कांदा नव्हता चिरत कोणी.

पण भानगड अशी की जागा चाळीस. पुढच्या वर्षी हा बाहेरचा विषयच नसतो तिला, म्हणजे यंदा मिळाला तर मिळाला. सोमवारी अकराला फोनवर फॉर्म उघडणार, रोल नंबर टाका, विषय निवडा, खाली बटण दाबा, जो आधी त्याची जागा. चाळीस भरले की विषयाचं नाव यादीतून गायब. गेल्या वर्षी म्हणे दोन मिनिटांत संपला.

दोन मिनिटांत! हे ऐकलं आणि माझ्या अंगात संचारलं. तुम्हाला सांगतो, दोन मिनिटांत संपणारी गोष्ट मिळवायची कशी हे कोणाला विचारायचं? कोकणी माणसाला विचारायचं! गणपतीचं तिकीट काय असतं ठाऊक आहे ना? सकाळी आठला बुकिंग उघडतं आणि आठ वाजून एक मिनिटानं वेटिंग लिस्ट दिसते, ती पण तीनशेच्या पुढची! बावीस वर्षं, बावीस वर्षं मी या बिल्डिंगमधल्या कोकणातल्या झाडून सगळ्या घरांची तिकिटं काढतोय, एकाचा गणपती चुकू दिला नाही. आणि आपली पद्धत ठरलेली आहे. फोन कमीत कमी पाच. सगळ्यांनी एकदम घुसायचं, ज्याचा लागला त्याचा लागला. कन्फर्म नसेल तर वेटिंग घ्या, या गाडीचं नसेल तर त्या गाडीचं घ्या, सिंधुदुर्गचं नाही तर रत्नागिरीचं घ्या, पण हात हलवत परत यायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मेसेज येईपर्यंत कोणी थांबायचं नाही! "झालं, झालं" म्हणून नाचणारे पुष्कळ बघितलेत मी, मेसेज येत नाही आणि मग एसटीच्या रांगेत दिसतात. जास्तीची निघाली तर कॅन्सल करता येतात. आहे काय त्यात?

रविवारी रात्री जेवणानंतर रंगीत तालीम घेतली मी. रोल नंबर सगळ्यांकडून पाठ करून घेतला, साठ चौतीस, साठ चौतीस... सोनूबाईंना फोन लावता येत नाही, पण मागे बसून त्या पण म्हणत होत्या. अंबादासनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. हळूच मला म्हणाला, "काका, तिचा एक नंबर पुरे नाही का होणार?" मी म्हटलं, अंबादास, तू रक्त तपास, बुकिंग माझ्याकडे सोड. आता आठवलं की जीभ चावतो मी.

सोमवार उजाडला. अंबादासच्या हॉलमध्ये चेतना, अंबादास, प्रबुद्ध, आमची सुगंधा, चौघं चार फोन घेऊन. प्रबुद्धनं ऑफिसला कळवलं होतं, महत्त्वाच्या मीटिंगमध्ये आहे. पाचवा मी, आणि मी जिन्यात, कारण माझ्या फोनला नेटवर्क येतं ते फक्त तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या खिडकीत. अकरा वाजले. आतून पहिली किंकाळी चेतनाची, "झालं! गेला फॉर्म!" मग अंबादास, "माझाही गेला!" मग प्रबुद्ध, मग सुगंधा, "माजो पन गेलो गे बाय!" चारही! आणि माझा? माझ्या फोनवर ते गोल गोल फिरतंय, फिरतंय... अकरा वाजून दोन मिनिटांनी उघडला. बघतो तर नववा विषय गायब! यादीत राहिलेत तीन.

आता तुम्ही म्हणाल, लवू, अरे चौघांचं झालं होतं, तुला ऐकू आलं होतं, फोन खिशात टाकायचा आणि खाली यायचं! बरोबर. पण मेसेज आला होता का? नव्हता आला! मी तिथूनच ओरडून विचारलं, मेसेज आला का? कोणी उत्तर देईना, आत सगळा आनंदीआनंद. आणि नियम काय आपला? अहो, बावीस वर्षांची सवय आहे ती, ती काय जिन्यात उभी राहून विचार करते? समोर जागा दिसली, एक योगासनं, एक भाषणकला, आणि एक "ज्येष्ठ नागरिक : समज आणि सहवास". म्हटलं, ज्येष्ठ नागरिक, हे आपलं ओळखीचं. साठ चौतीस टाकला. आणि... बटण दाबलं.

खाली येऊन मी सांगितलं पण होतं हो! "एक जास्तीचं घेऊन ठेवलंय रे, कॅन्सल करू मागाहून!" पण ऐकतंय कोण? सोनूबाईंनी शिरा केला होता, पहिली बशी चेतनानं माझ्या हातात दिली, "काका, तुम्ही नसतात तर!" दोन बश्या खाल्ल्या मी, लाज वाटते आता सांगायला.

बुधवारी दुपारी लिस्ट लागली. कोळ्यांच्या वर्गात चाळीस नावं, त्यात चेतना नाही. चेतना कुठे? ज्येष्ठ नागरिकांत! मी जिना उतरत होतो, ती पायरीवर बसली होती, कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात तसंच, फोन मांडीवर. मला म्हणाली, "काका, सोमवारी अकरा वाजून तीन मिनिटांनी तुम्ही काही भरलंत का?" मी म्हटलं, हो, जास्तीचं एक. तुम्हाला सांगतो, तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या घातल्या असत्या तर मी तिला वडे करून घातले असते आणि मिटलं असतं. ती म्हणाली, "असू दे, काका." एवढंच! असू दे! ते "असू दे" मला रात्रभर टोचत होतं.

आणि पुढे ऐका. ती घरात गेली, दार उघडंच होतं, मी जिन्यात आणि सुगंधा आमच्या दारात, दोघं ऐकतोय... सोनूबाईंना म्हणाली, "आजी, ते कोपऱ्यातलं जाळं काढून टाक. काही गरज नाही आता त्याची." दोन वर्षं झाडू घेऊन मागे लागलेली ती म्हातारी! मला वाटलं, आता उठते आणि सपासप काढते. तर सोनूबाईंनी झाडू उचलला, बघितला आणि दाराआड ठेवला. "राहू दे माय," म्हणाल्या. "मले आता सवय झाली त्याची." आणि इकडे आमच्याकडे? सुगंधाचा पट्टा सुरू, "तां काय कणकवलीचा तिकीट होता? मी बसलेलंय ना थय, माजो फॉर्म गेलो ना? मगे तुमका जिन्यात उभ्यान काय खाज इली?" आता हिला काय सांगू? बटण दाबलं, बये, बटण!

गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घातला आणि कॉलेज गाठलं. ऑफिसच्या खिडकीत शिवदास म्हणून क्लार्क. मी विचारलं, कॅन्सलेशनची खिडकी कुठली? त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आजोबा, हे स्टेशन नाही." मी सगळं सांगितलं, पाच फोन, मेसेज, नियम, रत्नागिरी. त्यानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि कपाळाला हात लावला. "साठ चौतीस! ती तुमची का? पाच वेळा एकच रोल नंबर! आम्हाला वाटलं पोरीला काही झालं! अहो, फॉर्मच्या वर तांबड्या अक्षरांत लिहिलंय, शेवटची नोंद अंतिम." लिहिलं असेल हो! माझा चष्मा दुसऱ्या हातात होता! म्हणजे बघा, पोरीला जागा मिळाली होती, पहिल्या वीस सेकंदांत मिळाली होती, स्वतःच्या बोटानं मिळवली होती तिनं. ती मी घालवली. आणि आता यादी वर गेली, पोर्टल बंद, काही होत नाही.

मग मी नीलम मॅडमना शोधून काढलं. प्रयोगशाळेत बरण्या पुसत होत्या, आपल्या चेतनाएवढ्याच बारीक. मी म्हटलं, मॅडम, चूक माझी आहे, मला काय ती शिक्षा करा, पण त्या पोरीला घ्या, तिनं आमच्या मीटरच्या पेटीवर कोळ्याचं बाळंतपण केलंय. त्या हसल्या. म्हणाल्या, "तुमच्या एका नातीनं माझ्या चार जागा अडवल्या होत्या हो. शेवटची नोंद दुसऱ्याच विषयाची निघाली, म्हणून त्या चारही आम्ही रिकाम्या केल्या आणि दुसऱ्यांना दिल्या." नात म्हणाल्या त्या. मी दुरुस्ती नाही केली. मग म्हणाल्या, "मार्क नाही देऊ शकत मी. विषय तिला तोच पुरा करावा लागेल. पण शनिवारी सकाळी सातला पार्काच्या गेटवर आली, तर मी काही हजेरी घेऊन बाहेर काढणार नाही. टोपी आणि पाणी घेऊन यायला सांगा."

घरी आलो, चेतनाच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, शनिवारी सात वाजता. टोपी आणि पाणी. मार्क नाहीत बाय, मार्क माझ्याकडून गेले. तिनं तोंडावर हात ठेवला, मग म्हणाली, "खरंच? त्या ये म्हणाल्या?" आणि तुम्हाला सांगतो, ती रडली. मग मी पण. मग मागून सोनूबाई. अंबादास आपला मध्ये उभा, कोणाला पाणी द्यावं त्याला कळेना.

शनिवारी दुपारी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आली, फोनमध्ये दोनशे बारा फोटो, मी एकेक बघितला, सगळे मला सारखेच दिसले, पण ती ज्या तोंडानं दाखवत होती ना... मार्कांचं काय घेऊन बसलात?

आता तुम्ही म्हणाल, झालं ना मग गोड, लवू, तू का कुरकुरतोस? अहो, मिटलं कुठे? तो दुसरा विषय! "ज्येष्ठ नागरिक : समज आणि सहवास". तो पुरा करायचाय ना! त्यात प्रकल्प आहे. एका ज्येष्ठ नागरिकासोबत तीस तास बसायचं, त्याचं निरीक्षण करायचं आणि वहीत नोंदवायचं. तीस तास! मी म्हटलं, तुझी आजी आहे की घरात. तर म्हणते, "रक्ताच्या नात्यातलं चालत नाही, काका. आणि तुम्हीच तर निवडलाय हा विषय."

वही तीच, कोळ्यांचीच, उरलेल्या पानांवर मी! काल ती पाणी प्यायला गेली तेव्हा मी हळूच उघडली. "नमुना : लवू काका. वय : अडुसष्ट. राहण्याची जागा : तिसरा मजला, दाराजवळची खुर्ची. आहार : चहा, चकली, पुन्हा चहा. स्वभाव : निरुपद्रवी. छेडल्यास बोलतात, न छेडल्यासही बोलतात." खाली रेघ मारून, "बटण दिसल्यास दाबतात. कारणांचा अभ्यास चालू." बाजूला चित्र! खुर्चीत बसलेला मी, पोट जरा जास्तच काढलंय. आणि पान उलटलं तर तिथे एकच ओळ होती, "घरात दोघंच असतात, पण दार दिवसभर उघडं. यांचं जाळं समोरच्या घरापर्यंत आहे."

मी वही मिटून ठेवली. सुगंधा विचारते, "काय झाला? गप कशे?" मी म्हटलं, काही नाही, चहा टाक.

हल्ली रोज संध्याकाळी पाचला... थांबा... ऐकलंत? बेल! दार सताड उघडं आहे, मी तिला दिसतोय, ती मला दिसतेय, तरी बेल वाजवते. म्हणते, नमुन्याला आधी सूचना द्यावी लागते, नाहीतर तो बिथरतो. ये गं बाय, ये, बिथरलो नाही... हलू नको? नाही हलत. चकली खाल्ली तर चालेल? बरं, आधी फोटो काढ.

बघताय ना? आज बटण तिनं दाबलं, आणि बसायचं मी. अजून सव्वीस तास आहेत!